कामाचा नमुना आणि नोकरीचे दार

संगणकाच्या व्यवसायात शिरू पाहणारे आमचे माजी विद्यार्थी वारंवार विचारतात, ‘आम्ही लिहिलेले प्रोग्रॅम गिटहबसारख्या संकेतस्थळावर सर्वांस पाहता येतील असे मांडले, तर नोकरी मिळण्यास उपयोग होईल काय?’ आमच्या मते होईल; पण दार ठोठावण्यापुरताच.

नामांकित महाविद्यालयाची पदवी ज्याच्यापाशी आहे, त्याची ओळख आधीच झालेली असते. मराठी शाळेतून गेलेल्या सामान्य घरच्या मुलास वशिला कोठला? त्याचे काम हीच त्याची शिफारस. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी होता. त्याने आपल्या लिनक्सचा कोड खुला केला आणि जगाने त्यास कामावरून ओळखले. पुढे २००५ साली त्यानेच गिट हे साधन रचले; त्याच्या आधारावर २००८ साली गिटहब उभे राहिले.

परंतु पुष्कळजण नमुन्यांच्या संख्येलाच गुणवत्ता समजतात. शिकवणीत करून घेतलेले तेच ते प्रोग्रॅम ओळीने मांडतात. बाजारातून आणलेल्या फळांनीही माटोळी भरते. तीवरून यजमानाच्या कुळागराची पारख होत नाही. त्यातच २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. आता यंत्राकडूनही प्रोग्रॅम लिहून घेता येतो. तेव्हा जाणता परीक्षक ‘हे असेच का केलेस?’ असे विचारणारच. तेथे उसने काम तोंडघशी पाडते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, एकच काम हाती घ्या, पण ते कोणाच्या तरी गरजेचे असू द्या. शाळेच्या ग्रंथालयातील देवघेवीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहा. ग्रंथपालांना तो वर्षभर वापरू द्या. चुका निघतील, त्या दुरुस्त करा. गिटमध्ये प्रत्येक बदल तारखेसह नोंदला जातो; तो का केला, हेही तेथे लिहून ठेवा. प्रोग्रॅम कशासाठी आहे, कसा चालवावा, कोठे उणा पडतो, हे सोबत सोप्या भाषेत सांगा. निबंधाचा तास वाया गेला नाही, हे त्या वेळी पटेल.

नोकरी देणाऱ्यांसही आमची एक विनंती आहे. ज्याच्या घरी संगणक नाही, जो संध्याकाळी वडिलांच्या दुकानात बसतो, त्याचे पान कोरे असेल. म्हणून त्याची बुद्धी कोरी ठरत नाही. त्यास समोर बसवून एखादा प्रश्न सोडवावयास द्यावा. आणि शाळांनी व पालकांनी मिळून, शाळा सुटल्यावर संगणकाची खोली तासभर तरी उघडी राहील अशी तजवीज करावी. नमुना मागण्यापूर्वी तो घडविण्यास जागा देणे, हे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.