ठिगळ दिसले पाहिजे

मराठीच्या वर्गात संहितेविषयी आपण तासन्‌तास बोलतो; ती संहिता ज्या कागदावरून आपल्यापर्यंत आली, त्या कागदाविषयी मात्र सहसा चकार शब्द काढत नाही. कागदाची निगा हे ग्रंथपालाचे काम, अशी आपली समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि संग्रहालयातील कागद-संवर्धकाकडून संपादनाविषयी आपल्यालाच बरेच शिकता येईल, असे आमचे मत आहे.

या मतामागे आमची एक चूक आहे. नव्याने नोकरीस लागलो तेव्हा महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एका जुन्या मासिकाची फाटलेली पाने आम्ही मोठ्या आस्थेने चिकटपट्टी लावून जोडली होती. काही वर्षांनी पट्टी सुटून पडली. चिकटा मात्र कागदाच्या तंतूंत उतरून तपकिरी झाला. पुढे तो खंड आम्ही मुंबईतील एका संग्रहालयाच्या संवर्धक बाईंना दाखवला. त्या रागावल्या नाहीत. “वाळवीपेक्षा आम्हांला ह्या पट्टीचा त्रास अधिक होतो,” एवढेच म्हणाल्या.

त्यांचे काम आम्ही दिवसभर पाहत बसलो. आधी नोंद : पानाचे छायाचित्र, प्रत्येक चीर, प्रत्येक डाग. मग शाईवर पाण्याचा लहानसा थेंब ठेवून तो टीपकागदाने उचलायचा. रंग उतरला तर पान धुता येत नाही. चिकटा द्रावकाने मऊ करून बारीक पात्याने कणाकणाने काढायचा. चीर जोडायला कोझो झाडाच्या सालीपासून केलेला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. खळच का? कारण ती पाण्याने पुन्हा सुटते. उद्या अधिक चांगला उपाय सापडला, तर आजची दुरुस्ती काढता आली पाहिजे. ह्या नियमामागे कटू अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक देशांतील अभिलेखागारांनी, आपल्याकडीलही, जीर्ण कागद सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या पापुद्र्यांत बंद केले. तेव्हा तो आधुनिक उपाय वाटला. आज ते कागद सोडवणे हेच जिकिरीचे काम होऊन बसले आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गेलेले अक्षर संवर्धक लिहीत नाही. तो भोक भरतो, ठिगळाचा रंग मूळ कागदाच्या जवळ नेतो. पण निरखून पाहणाऱ्याला ते ओळखू यावे इतका फरक राखतो. पाठचिकित्सेचे तत्त्व याहून वेगळे नाही. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेल्या आणि १९६६ मध्ये पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ आहे. ती रेघ म्हणजे संपादकाचे दिसणारे ठिगळ. आपल्या प्राचीन काव्यांच्या अनेक अभ्यासावृत्त्यांत मात्र कवीचा शब्द कुठे संपतो आणि संपादकाचा तर्क कुठे सुरू होतो, ते कळत नाही. मूळ पोथीच हरवली, तर कळण्याचा मार्गही खुंटतो. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्या पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, ती पोथी पुढील अभ्यासकांना उपलब्ध झाली नाही. परिणामी तिच्याविषयीचा वाद कागदावर तपासून मिटवता येत नाही.

धोका केवळ पोथ्यांना आहे असेही नाही. काजळीच्या शाईने हातकागदावर लिहिलेली अठराव्या शतकातील मोडी पत्रे, कसर आणि ओल यांपासून वाचली असतील तर, आजही न तुटता उलगडतात. उलट लाकडाच्या लगद्यापासून केलेला, तुरटी व राळ घातलेला कागद स्वतःतल्याच आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो. आपली नियतकालिके मोठ्या प्रमाणावर अशाच कागदावर छापली गेली. म्हणजे आधुनिक मराठी साहित्याचा पहिला पुरावा पेशवाईतल्या कागदांच्या आधी नाहीसा होण्याची भीती आहे.

यावर हमखास मिळणारे उत्तर म्हणजे स्कॅन. स्कॅन हवेच, त्यामुळे मूळ प्रतीची हाताळणी कमी होते. पण कागदाची जात, पोत, जलचिन्ह, चिकटवलेल्या चिठ्ठीखालचा मजकूर सहसा पडद्यावर येत नाही. स्कॅन झाले म्हणून मूळ खंड रद्दीत काढणे म्हणजे साक्षीदाराचा जबाब उतरवून घेऊन साक्षीदाराला हाकलून देणे होय.

आमची मागणी फार मोठी नाही. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना वर्षातून एक दिवस संवर्धन-शाळेत बसवावे आणि संपादनाचा पेपर शिकवताना कागदही शिकवावा. ग्रंथालयातील चिकटपट्टी तेवढी आजच काढून घ्यावी.

आमचे ते पान दुरुस्त होऊन परत आले. चीर जुळली आहे. डाग मात्र पूर्ण गेलेला नाही. तो आणखी काढायला गेले असते तर छापील अक्षरे गेली असती, म्हणून बाईंनी तिथेच हात थांबवला. विद्यार्थ्यांना ते पान दाखवताना डाग कोणी पाडला, हेही आम्ही सांगतो.