दरड दिसते, नोंद का दिसत नाही?

शिवथरहून कोकण रेल्वे गाठायची तर वीर किंवा करंजाडी स्थानक. याच करंजाडीजवळ १६ जून २००४ रोजी मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावरच्या दगडांमुळे घसरली आणि डबे पुलावरून कोसळले. वर्षभर आधी, २२ जून २००३ रोजी, वैभववाडीजवळच्या अपघातात पन्नासहून अधिक बळी गेले होते. त्यानंतर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी झाला, गस्त वाढली. पण थोडक्यात टळलेल्या अपघातांचं काय?

चौकशी कोण करतं?
प्रवाशांचे जीव गेले, तर रेल्वे सुरक्षा आयुक्त. ते रेल्वेच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. बाकी बहुतेक घटना रेल्वेचेच अधिकारी तपासतात. 'कॅग'च्या २०२२ च्या अहवालानुसार, गाडी घसरल्याच्या ६३ टक्के प्रकरणांत चौकशी अहवाल मुदतीत सादरच झाले नाहीत.

नोंद का टळते?
चूक कबूल केली की कारवाई, हे कर्मचाऱ्याला ठाऊक असतं. मग 'थोडक्यात निभावलं' हे चहावर बोललं जातं, वहीत लिहिलं जात नाही.

उपाय काय?
स्कॉटलंडमध्ये १९९६ साली रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी नाव गुप्त ठेवणारी तक्रार व्यवस्था सुरू झाली. पुढे ती ब्रिटनभर पसरली. आपल्याकडे काकोडकर समितीने २०१२ मध्येच स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण सुचवलं होतं. ते कागदावरच आहे. सैल दगडाची खबर देणाऱ्या ट्रॅकमनला शाबासकी मिळायला हवी, मेमो नव्हे. पुढची दरड रोखण्याची सुरुवात तिथूनच होते.