झहीरचा ३४, रहाणेचा २७ आणि लॉटरीचं तिकीट

श्रीरामपुरात जन्मलेल्या झहीर खानने २०११चा विश्वचषक ३४ नंबरच्या जर्सीत गाजवला. २१ बळी घेतले. संगमनेर तालुक्याचा अजिंक्य रहाणे एकदिवसीय सामन्यांत २७ नंबर घालून उतरायचा. त्यांच्या जोडीला धोनीचा ७, सचिनचा १०, विराटचा १८ आणि रोहितचा ४५ घेतला, की झाले सहा आकडे. अहिल्यानगर जिल्ह्यात टेनिस बॉलच्या मॅच खेळत वाढलेल्या मित्रांना हे नंबर कुणी पाठ करून द्यावे लागत नाहीत. योगायोग असा की सहाही आकडे ४९च्या आतले आहेत. म्हणजे ४९पैकी सहा आकडे निवडायच्या लॉटरीचं तिकीट बसल्या जागी तयार!

अशी लॉटरी आपल्याकडेही होती. दोन हजारच्या दशकात सिक्कीम सरकारच्या ‘प्लेविन’ची यंत्रं गावोगावच्या दुकानांत आली. त्यातल्या ‘सुपर लोट्टो’त खेळणाऱ्याने सहा आकडे स्वतः निवडायचे आणि गुरुवारच्या सोडतीची वाट पाहायची. महाराष्ट्र राज्य लॉटरीचा प्रकार वेगळा. ती १९६९मध्ये सुरू झाली. तिचं तिकीट छापील, नंबर सरकारने घातलेला. तरीही निवडीची हौस तिथेही भागवली जाते. स्टॉलवर तिकिटांचा गठ्ठा चाळत ‘शेवटी ३४ आलेलं आहे का बघा’ म्हणणारं गिऱ्हाईक कुठल्याही विक्रेत्याला ओळखीचं असतं. कुणाला गाडीचा नंबर हवा असतो, कुणाला मुलीची जन्मतारीख, कुणाला आवडत्या खेळाडूची जर्सी.

या हौसेला हसण्याचं कारण नाही. चार मित्रांनी पैसे काढून एक तिकीट घेतलं, निकालापर्यंत थट्टामस्करी केली आणि नंबर लागला नाही म्हणून पुन्हा हसले, तर बिघडलं काय? बिघडतं ते आकड्यावर विश्वास बसतो तेव्हा. ४९मधून सहा आकडे १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ प्रकारे निवडता येतात. त्यातला प्रत्येक प्रकार सारख्याच तोलाचा. सहा दिग्गजांच्या जर्सीला जितकी संधी, तितकीच एक ते सहा या ओळीने आलेल्या आकड्यांना. दर आठवड्याला एक तिकीट घेणाऱ्याने सगळे प्रकार एकेकदा वापरायचे ठरवले, तर त्याला जवळपास २ लाख ६९ हजार वर्षं लागतील.

तरीही स्वतः निवडलेला आकडा जास्त ‘आपला’ वाटतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासलं होतं. तिकीट एक डॉलरचं आणि तिकीट म्हणून चक्क फुटबॉलपटूंच्या चित्रांची कार्डं. काहींना आपल्या पसंतीचा खेळाडू निवडू दिला, काहींच्या हाती मिळेल ते कार्ड ठेवलं. सोडतीआधी ‘हे कार्ड परत विकाल का?’ असं विचारल्यावर आयतं कार्ड मिळालेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले. स्वतः निवडलेल्यांनी मागितले सरासरी ८.६७ डॉलर. जिंकण्याची शक्यता दोघांची सारखीच. स्वतःच्या निवडीने कार्डाची किंमत चौपटीहून जास्त वाढवली, तीसुद्धा फक्त मालकाच्या मनात.

आवडीच्या आकड्याने जिंकण्याची शक्यता बदलत नाही, पण वाटेकऱ्यांची संख्या बदलू शकते. हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १४ जानेवारी १९९५ला ७, १७, २३, ३२, ३८ आणि ४२ हे आकडे आले. पहिलं बक्षीस तब्बल १३३ जणांना लागलं. जवळपास १ कोटी ६३ लाख पौंडांचे १३३ वाटे झाले आणि प्रत्येकाच्या पदरात १ लाख २२ हजार ५१० पौंड पडले. कमी नव्हेत, पण स्वप्न मोठं होतं. अनेकांच्या डोक्यात नकळत एकच चाल आली की असं होतं. जन्मतारखांवर खेळणाऱ्यांचंही तेच. ३१च्या पुढचा आकडा ते घेतच नाहीत. एकूण प्रकारांपैकी फक्त ७ लाख ३६ हजार २८१ प्रकार त्यांच्या वाट्याला उरतात, म्हणजे जेमतेम पाच टक्के, आणि तिथेच सगळी गर्दी. क्रिकेटवेड्या देशात जर्सीच्या आकड्यांचं वेगळं काय होणार?

याहून मोठा धोका ठरलेल्या आकड्याच्या सवयीत आहे. दर आठवड्याला तेच सहा आकडे लावणाऱ्याला एखादा आठवडा सोडवत नाही. नेमका त्याच दिवशी आपला नंबर लागला तर? या धास्तीपोटी पैसे जात राहतात. आठवड्याला शंभर रुपये म्हटलं तरी वर्षाला ५ हजार २०० रुपये झाले. तेवढ्यात साध्या टीमचे टेनिस बॉल, एखादी बॅट आणि शेजारच्या तालुक्यातल्या स्पर्धेची प्रवेश फी सहज निघेल.

महाराष्ट्राला आकड्याचं वेड नवं नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर सट्टा लावण्यापासून मटक्याची सुरुवात झाली. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी तो मुंबईतून गावागावांत पोचवला. ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘जोडी’ हे शब्द एसटी स्टँडपर्यंत आले. राज्य सरकारने लॉटरी काढली ती अशा बेकायदा जुगाराला आळा बसावा आणि तिजोरीत भर पडावी म्हणून. १९९८च्या लॉटरी नियमन कायद्याने एकाच आकड्यावर बक्षीस देण्याला बंदी घातली.

अलीकडे पैसे लावण्याचा हा छंद फँटसी क्रिकेटच्या रूपाने मोबाइलमध्ये शिरला होता. मित्रांच्या ग्रुपमध्ये टीम लावायची, कप्तान निवडायचा आणि पैसे घालायचे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. क्रिकेटचा अभ्यास आणि नशीब यांतली रेघ पुसट करणारा एक धंदा त्यामुळे थांबला, ते बरंच झालं. मात्र हौस कायम आहे. ती उद्या दुसरी वाट शोधेल.

एकत्र तिकीट घेण्याची चांगली बाजूही पाहायला हवी. केरळमधल्या परप्पनंगडी नगरपालिकेत कचरा गोळा करणाऱ्या अकरा महिलांनी २०२३मध्ये मान्सून बंपरचं २५० रुपयांचं तिकीट मिळून घेतलं. नऊ जणींनी २५ रुपये काढले. उरलेल्या दोघींनी मिळून २५ जमवले. त्या तिकिटाला दहा कोटींचं पहिलं बक्षीस लागलं. आकडा त्यांनी कुठल्या छंदावरून काढला नव्हता. खर्च मात्र इतका विभागला होता की हरल्या असत्या तरी कुणाच्या घरातली चूल अडली नसती.

मित्रांनी यातून एवढंच घ्यावं. कुणी किती पैसे घातले ते ग्रुपवर लिहून ठेवा, तिकिटाचा फोटो सगळ्यांकडे पाठवा आणि वाटणी सोडतीआधी ठरवा. बक्षीस लागल्यावर तीस टक्के प्राप्तिकर आणि वर उपकर जातो, हेही आधीच मोजा. २२ सप्टेंबर २०२५पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे तिकिटाच्या पैशांतला मोठा वाटा सोडतीआधीच कराला गेलेला असतो. ज्या दिवशी तिकिटासाठी उसनवारी करावी लागेल, त्या दिवशी हा खेळ बंद करा.

आणि एक मागणी सरकारकडे. सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना मोठ्या अक्षरांत असते. लॉटरीच्या तिकिटावर पहिल्या बक्षिसाची रक्कम ज्या टाइपात छापली जाते, त्याच टाइपात ते बक्षीस किती तिकिटांमागे एकाला लागतं तेही छापावं. त्यानंतर ज्याला झहीरच्या ३४ वर पैसे लावायचे असतील, त्याने खुशाल लावावेत.