पदवीचा झगा आणि पदवीधराची ऐपत

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय शिक्षणसंस्थांना एक पत्र पाठविले. पदवीदान समारंभातील काळा झगा व टोपी ही मध्ययुगीन युरोपातून इंग्रजांबरोबर आलेली प्रथा असून, तिच्या जागी प्रत्येक संस्थेने आपल्या राज्याच्या परंपरेला साजेसा वेष ठरवावा, असा त्याचा आशय होता. ही मागणी नवी नाही. एप्रिल २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या भारतीय वनव्यवस्थापन संस्थेच्या समारंभात भर व्यासपीठावर आपला झगा उतरविला होता. विद्यापीठ अनुदान आयोगानेही समारंभाचा वेष हातमागाच्या कापडाचा असावा, अशी सूचना विद्यापीठांना केलेली आहे. झग्याच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे युक्तिवाद आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. ज्याच्या अंगावर हा वेष चढावयाचा त्या विद्यार्थ्याचा विचार मात्र या वादात अभावानेच आढळतो.

झग्याविरुद्धचा ऐतिहासिक आक्षेप खोटा नाही. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली आणि त्या धर्तीबरोबर झगाही आला. थंड दगडी दालनांत वावरणाऱ्या युरोपीय विद्वानांना जे वस्त्र उबेसाठी आवश्यक होते, ते आपल्या उकाड्यात केवळ घाम काढते. परंतु झगा गेला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने झग्याऐवजी भारतीय वेष स्वीकारला, तेव्हा जानेवारी २०१९ च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी, असा नवा वाद उभा राहिला. वेष देशी झाला तरी तो कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाची खरी बाजू अर्थशास्त्राची आहे. अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात जीवनावश्यक वस्तूंची व्याख्या करताना तागाच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. जगण्यासाठी हा सदरा लागत नाही. ग्रीक आणि रोमन लोकांचे त्यावाचून काही अडले नव्हते. पण स्मिथच्या काळातील युरोपात साध्या मजुरालाही त्यावाचून चारचौघांत येण्याची लाज वाटे, म्हणून तो आवश्यक वस्तूंत मोडतो, असे त्याचे विवेचन आहे. उलट, अमेरिकन अर्थतज्ज्ञ व्हेब्लेन याने १८९९ मध्ये झगा-टोपीची गणना प्रतिष्ठेच्या प्रदर्शनात केली. दोघांचेही म्हणणे आपल्या सभागृहात एकाच वेळी खरे ठरते. संस्थेच्या दृष्टीने जे प्रदर्शन असते, तेच गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने लाजेपोटी करावयाचा खर्च होऊन बसते.

शेतमजुराच्या किंवा हमालाच्या घरातील पहिला पदवीधर जेव्हा समारंभाचा विचार करतो, तेव्हा त्याच्यापुढे झग्याचे भाडे, अनामत रक्कम, नवे कपडे, बूट, छायाचित्र, आईवडिलांचे एस.टी. भाडे आणि त्या दिवशीचा बुडालेला रोज असा हिशेब उभा राहतो. तो अनुपस्थितीत पदवी घेण्याचा पर्याय निवडतो आणि पदवी टपालाने घरी येते. ज्याच्यासाठी हा समारंभ सर्वाधिक अर्थपूर्ण, तोच त्याला मुकतो. आणि त्याची गैरहजेरी उदासीनता म्हणून नोंदली जाते.

यावर उपाय खर्चिक नाही. आयुष्यात एकदा, तेही दोन तास वापरावयाची वस्तू प्रत्येकाने विकत अथवा भाड्याने घ्यावी, हा सरळसरळ अपव्यय आहे. ग्रंथालय पुस्तके देते त्याच न्यायाने महाविद्यालयाने समारंभवस्त्रांचा संच ठेवावा आणि तो विनाशुल्क, विनाअनामत द्यावा. झगा ठेवावयाचा असेल तर तो असा मिळावा; बदलावयाचा असेल तर स्वतःच्या स्वच्छ, नेहमीच्या कपड्यांवर घ्यावयाचे साधे सुती उपरणे पुरेसे आहे. त्याला मापाची अडचण नाही. ते मुलामुलींना सारखेच चालते आणि धुऊन पुढच्या वर्षी वापरता येते. डोक्यावर काय असावे याची सक्ती नसावी. म्हणजे पगडीचा वादही उरणार नाही आणि कोणाचा फेटा वा ओढणी आड येणार नाही.

हे कापड खरोखर हातमागाचे असावे, हेही महत्त्वाचे. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक या व्यवसायात आहेत. चकचकीत कृत्रिम धाग्याच्या उपरण्याला भारतीय म्हटल्याने त्यांच्या मागाला काम मिळत नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. 'योग्य पोशाखात उपस्थित राहावे' एवढीच ओळ सूचनाफलकावर लावणे म्हणजे अर्थ लावण्याचे ओझे विद्यार्थ्यावर टाकणे होय. नवे कपडे आवश्यक नाहीत, साडीची सक्ती नाही, चप्पल चालेल, वस्त्र महाविद्यालय देईल, हे महिनाभर आधी स्पष्ट मराठीत लिहिले पाहिजे. वर्गशिक्षकांनी ते तोंडीही सांगितले पाहिजे. गरजूंनी स्वतंत्र अर्ज करावा, अशी अट मात्र घालू नये. मदत मागण्याची लाज ही झग्याच्या भाड्याहून जड असते.

अशाने समारंभाची शोभा जाईल, अशी शंका काही जण घेतील. समारंभाची प्रतिष्ठा पदवीमागील अभ्यासात असते. सभागृहातील रिकाम्या खुर्च्यांनी ती जेवढी उणावते, तेवढी साध्या सदऱ्याने खचितच उणावत नाही. झगा देशी की विदेशी, हे संस्थांनी सवडीने ठरवावे. पण यंदाचा समारंभ ठरविण्यापूर्वी गतवर्षी किती विद्यार्थी आले नाहीत आणि का आले नाहीत, एवढी चौकशी प्रत्येक महाविद्यालयाने अवश्य करावी.