छज्ज्यावरचा माणूस

२२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि शोरूमवाल्यांनी ती बातमी दिवाळीपर्यंत पुरवून वापरली. पाडवा आणि अक्षय्य तृतीयेलाही आता सोन्याच्या जोडीने एसी घरी येतो. खुशाल यावा. मे महिन्यात ठाण्या-डोंबिवलीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, वारा पडलेला असताना झोपू पाहणाऱ्याला चैनीवर प्रवचन देण्यात अर्थ नाही. आमची तक्रार आहे ती तो एसी बसवताना सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर उभ्या राहणाऱ्या पोराविषयी.

दीड टनाच्या स्प्लिट एसीचे आउटडोअर युनिट सहज पंचवीस-तीस किलोंचे भरते. हेल्पर ते तिरके करून खिडकीतून सरकवतो; बाहेर छज्ज्यावर चप्पल काढून उभा असलेला दुसरा ते छातीशी घेतो आणि ब्रॅकेटवर चढवतो. कमरेला दोर असलाच तर त्याचे दुसरे टोक खिडकीच्या ग्रिलला, नाहीतर आतल्या पलंगाला बांधलेले. ते ग्रिल भिंतीत किती खोल गेले आहे, हे कुणी पाहिलेले नसते. छज्जा पाऊस अडवायला काढलेला. जुन्या इमारतींत त्याच्या सळया गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटलेले असतात. तेवढ्यात आतून मालक विचारतात, ‘भाऊ, बाहेरून पाइप दिसणार नाही ना?’

या कसरतीची किंमत मालकही मोजतात, फक्त त्यांना ते कळत नाही. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची असते. पंधरा-वीस मिनिटांचे काम, शिवाय पंपाचे ओझे. मग आउटडोअरमध्ये भरून आलेला गॅस नळ्यांत सोडायचा. छज्ज्यावर एका हाताने ग्रिल धरून उभा असलेला माणूस सोपा मार्ग धरतो: व्हॉल्व्ह किंचित सैल करून त्याच गॅसने हवा हुसकावतो आणि नट आवळून मोकळा होतो. मिनिटभरात काम फत्ते. हल्लीच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा गॅस असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे आणि हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट उष्णता धरून ठेवतो. आत राहिलेली ओल कॉम्प्रेसरला पोखरते, घाईत आवळलेला नट झिरपतो. पुढच्या उन्हाळ्यात ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ हे ऐकून मालक मुकाट्याने पैसे काढतात. वास्तविक गॅस हा काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे.

जबाबदार कोण, हे विचारू गेले की साखळी सुरू होते. कंपनी डीलरकडे बोट दाखवते, डीलर ठेकेदाराकडे, ठेकेदार पोराकडे. पोराला पैसे मिळतात नगावर, त्यामुळे सीझनमध्ये एका घरात तासभर जास्त घालवणे त्याला परवडत नाही. सोसायटीची कमिटी मात्र या प्रकरणात जागरूक असते. एसीच्या परवानगीसाठी अर्ज घेते, भिंतीला भोक पाडण्यासाठी अनामत ठेवून घेते, एलेव्हेशन बिघडू नये आणि ड्रेनचे पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकू नये, हेही लिहून घेते. बाहेर उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस असावा, एवढी एक ओळ बहुतेक अर्जांत सापडत नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये दिल्लीच्या करोल बागेत वरून आउटडोअर युनिट कोसळून रस्त्यावरचा १८ वर्षांचा मुलगा दगावला. त्याचे चित्रण देशभर फिरले, दोन दिवस हळहळ झाली. सिंगापुरात आउटडोअर बसवणारा प्रशिक्षित असावा आणि युनिटचा आधार स्टेनलेस स्टीलचा असावा, असा नियमच आहे. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यात दादर-वर्सोव्याला साधे रंग दिलेले लोखंडी ब्रॅकेट वर्षानुवर्षे लटकतात. सर्व्हिसिंगला आलेला माणूस त्याच ब्रॅकेटवर पाय देतो.

बिल्डरला यातून सोडू नये. माहितीपत्रकात स्विमिंग पूल असतो, योगा डेक असतो. एसीचे युनिट मात्र अशा अरुंद डक्टमध्ये ढकललेले असते, की तिथे माणसाला धड उभे राहता येत नाही आणि एका युनिटची गरम हवा दुसरे ओढून घेते. प्रत्येक खोलीच्या एसीसाठी आतून दारातून जाता येईल आणि कठडा असेल अशी जागा दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होऊ नये. उभ्या असलेल्या इमारतींचा खर्च फार नाही: गच्चीवर इंजिनिअरच्या सल्ल्याने पक्क्या बसवलेल्या पोलादी कड्या, सोसायटीच्या मालकीचे दोन पूर्ण अंगाचे हार्नेस, चांगला दोर, आणि परवानगीच्या अर्जात हार्नेसची ती ओळ. वार्षिक सभेत हा विषय पार्किंगच्या आधी घ्यावा. नंतर घेतला तर कोरम उरणार नाही.