पेल एलचे गोत्र

‘इंडिया पेल एल’ या बिअरच्या नावातील आपला देश पाहून सुशिक्षितांच्या बैठकींतून एक कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. इतर बिअर हिंदुस्थानच्या सागरप्रवासात नासत असे, म्हणून लंडनच्या हॉजसनने टिकाऊ पेल एल मुद्दाम शोधून काढली, अशी ती कथा. ती सुरस आहे. परंतु खरी नाही. हॉजसनच्या पूर्वीही बिअर इकडे येतच होती, आणि काळी पोर्टर तर त्याच जहाजांतून येऊन गोऱ्या शिपायांच्या घशाखाली सुखरूप उतरत असे. हॉजसनचे भांडवल शोध नव्हे, शेजार होय! त्याची भट्टी कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती, आणि कप्तानांना तो सढळ हाताने उधार देई.

ही चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या कथेमुळे चवीचा खरा भेद दडून राहतो. धुराविना आचेवर वाळविलेल्या, मोड आलेल्या फिकट सातूपासून होते ती पेल एल. हे झाले मूळ गोत्र. पुढील भेद पाण्याने व हॉप नामक वेलीच्या फुलांनी पडतात. बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम विपुल. त्याने कडवटपणास धार येते. म्हणूनच 1820 नंतरच्या दशकांत तेथील ऑलसॉप व बास यांनी हॉजसनला मागे सारले. इंग्रजांची ‘बिटर’ याच कुळातली. तिच्या हॉपला मातीचा, पाल्याचा गंध. 1980 साली कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाने कॅस्केड जातीचा हॉप वापरून जी पेल एल केली, तिला पपनसाचा वास आला, आणि अमेरिकन शाखा नावारूपास आली. ‘इंडिया’ म्हणजे अधिक हॉप व बहुधा अधिक मद्यांश, असे आज समजतात. पण खुद्द ब्रिटनमध्ये त्याच नावाने साध्या बिटरइतकीच सौम्य बिअरही विकली गेली आहे. मग नावावर भिस्त ठेवावी कशी?

मद्यपानाची भलावण करणे हा आमचा हेतू नव्हे. पेटीवर ‘देवगड’ छापले म्हणून आपण हापूस घेत नाही. फळ हुंगून पाहतो. तीच पारख इतिहासाच्या बाबतीत मात्र सोडून द्यावी, आणि आपल्या देशाचे नाव दिसताच हुरळून जावे, हे सुशिक्षितपणास शोभत नाही.