धावायला सडा आहे, ठरलेला मार्ग नाही : शालेय क्रॉसकंट्रीची दोनशे वर्षं आणि रत्नागिरी

गणपती गावाला गेले की रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये क्रीडा स्पर्धांची धांदल वाढते. खो-खोचे खांब रोवले जातात, कबड्डीची मैदानं आखली जातात, त्यांच्या बातम्या होतात. मैदानी स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या वयोगटांसाठी आणखी एक नाव असतं : क्रॉसकंट्री. त्यात कोण पहिलं आलं हे त्या शाळेपलीकडे फारसं कुणाला कळत नाही. वास्तविक हा खेळ जन्मालाच आला तो शाळेत. त्याला धावपट्टी लागत नाही, महागडं साहित्य लागत नाही. लागतो तो चढउताराचा, मातीचा, मोकळा मुलूख. तो तर कोकणात पावलोपावली आहे. मग हा खेळ इथे रुजला का नाही? त्याचं उत्तर या स्पर्धेच्या इतिहासातच सापडतं.

क्रॉसकंट्री म्हणजे नेमकं काय?

मैदानातल्या चारशे मीटरच्या धावपट्टीवर होते ती लांब पल्ल्याची शर्यत आणि डांबरी रस्त्यावर होते ती मॅरेथॉन किंवा तिची लहान भावंडं. क्रॉसकंट्री या दोन्हींहून वेगळी. ती गवतातून, मातीतून, चिखलातून, टेकडीच्या चढावरून आणि उतारावरून धावायची. प्रत्येक ठिकाणचा मार्ग वेगळा असल्याने दोन गावांतल्या वेळांची तुलना करता येत नाही. इथे घड्याळापेक्षा क्रमांकाला महत्त्व.

दुसरं वैशिष्ट्य आपल्याकडे सहसा लक्षात घेतलं जात नाही. क्रॉसकंट्री हा सांघिक खेळही आहे. धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. अमेरिकेतल्या हायस्कूल स्पर्धांत साधारणपणे सात जणांचा संघ धावतो आणि पहिल्या पाच जणांचे क्रमांक धरले जातात. पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेला मिळाले, तर बेरीज होते १५. त्याहून कमी गुण होऊच शकत नाहीत. याचा परिणाम असा, की शाळेचा सर्वांत वेगवान मुलगा एकटा जिंकून उपयोग नाही. पाचवा मुलगा विसावा येतो की तिसावा, यावर ढाल कुणाकडे जाणार हे ठरतं. सामान्य वेगाच्या मुलालाही इथे मान आहे.

ही स्पर्धा सुरू कुठे झाली?

इंग्लंडमधल्या श्रूजबरी शाळेतल्या मुलांच्या अशा धावण्याची नोंद १८१९ पर्यंत मागे जाते. तो शिकारीचा खेळ होता. दोघे-तिघे ससे व्हायचे, कागदाचे कपटे टाकत रानातून पळायचे. बाकीचे शिकारी कुत्रे होऊन त्या कपट्यांच्या मागावर धावायचे. रग्बी शाळेत १८३७ मध्ये ‘क्रिक रन’ सुरू झाली. क्रिक या गावापर्यंत जाऊन परत यायचं, असा तिचा मार्ग. ही शर्यत आजही होते. दोन शतकं जवळ आली तरी ती टिकली, कारण तिचा मार्ग ठरलेला होता, ती दरवर्षी होत होती आणि नोंद ठेवली जात होती. आजचा विद्यार्थी आपली वेळ पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या वेळेशी ताडून पाहू शकतो.

मार्ग नीट आखला नाही तर काय होतं, याचा धडाही इंग्लंडनेच दिला. १८७६ मध्ये तिथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठेवण्यात आली. लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्द ठरवावी लागली. पहिला अधिकृत विजेता मिळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. १९०३ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांच्यात पहिली आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. १९७३ मध्ये बेल्जियममधल्या वारेगेम इथून जागतिक स्पर्धा सुरू झाली. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांसाठी १९७९ पासून वैयक्तिक, तर २००४ पासून शाळांच्या संघांची देशपातळीवरची स्पर्धा होऊ लागली. शाळकरी मुलांची जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धाही होते. २०२४ मध्ये ती केनियातल्या नैरोबीत झाली.

ऑलिम्पिकमधून ती का वगळली गेली?

१९१२, १९२० आणि १९२४ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये क्रॉसकंट्री होती. १९२४ ची पॅरिसमधली शर्यत कडक उन्हात झाली. ३८ धावपटू निघाले, त्यातले १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले. कुणी वाटेत कोसळलं, कुणी भ्रमिष्टासारखं भलत्याच दिशेला धावू लागलं. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला, पण ही शर्यत पुन्हा ऑलिम्पिकमध्ये आली नाही. ती परत यावी यासाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटना आजही प्रयत्न करते आहे.

दोष शर्यतीचा नव्हता, वेळ आणि व्यवस्था चुकली होती. जिथे ऑक्टोबरचं ऊन आणि दमट हवा एकत्र येते, त्या कोकणाने हा धडा विसरता कामा नये.

भारतात आणि महाराष्ट्रात काय घडलं?

लांब पल्ल्याच्या धावण्याशी मराठी मुलखाचं नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण दोराबजी टाटा यांनी पाहिले. या मुलांना ऑलिम्पिकला न्यावं, हा विचार तिथून पुढे गेला. १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले.

१९५४ मध्ये भारतीय शालेय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि शालेय खेळांना देशपातळीवरची चौकट मिळाली. महाराष्ट्रात या स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी ही शिडी आहे. शालेय स्पर्धांच्या बाहेर भारतीय ॲथलेटिक्स महासंघाची राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा असते. तिच्यात २० वर्षांखालील मुलांना ८ किलोमीटर आणि मुलींना ६ किलोमीटर धावावं लागतं.

शिडी कागदावर चांगली आहे. पण तिच्यावरून कोण निसटतं, हे अविनाश साबळे यांच्या वाटचालीतून दिसतं. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जायचा. पण त्याच्यातला धावपटू शालेय स्पर्धेने हेरला नाही. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम इथे त्याने नोकरी केली. २०१५ मध्ये तो सैन्यदलातल्या क्रॉसकंट्री शर्यतीत उतरला आणि तिथे त्याची पारख झाली. पुढे स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. ही कौतुकाची गोष्ट आहेच. पण शाळेच्या वाटेवर रोज धावणारा मुलगा शाळेच्या स्पर्धेला दिसला नाही, हा तिचा दुसरा अर्थ आहे.

रत्नागिरीची मुलं कुठे अडतात?

पहिली अडचण अंतराची. जिल्ह्यात नऊ तालुके. उत्तरेचं मंडणगड जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरहून लांब. क्रीडा विभागाच्या रचनेत रत्नागिरी कोल्हापूर विभागात येते. म्हणजे विभागीय स्पर्धा घाटावर असली, की आंबा किंवा कुंभार्ली घाट चढून जायचं. एका धावपटूसाठी शिक्षकाने दोन दिवस शाळा सोडायची, मुलीसोबत पालकांपैकी कुणी जायचं आणि प्रवासखर्च उभा करायचा, हे छोट्या शाळेला जड जातं. मुंबईच्या वाटेने गावं रिकामी होत गेली, तसा शाळांचा पटही घटला. शिक्षकांची पदं पटावर ठरतात. तिथे स्वतंत्र क्रीडाशिक्षक टिकणं कठीण. गणिताचे सर शिट्टीही वाजवतात.

दुसरी अडचण ध्येयाची. गावातली मुलं धावत नाहीत असं नाही. पहाटे रस्त्याकडेला धावणारी पोरं-पोरी कोकणात सगळीकडे दिसतात. पण ती भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सैन्यभरतीतही साधारण तेवढीच धाव. नोकरी हे ध्येय चुकीचं मुळीच नाही. पण ज्याच्या अंगात दहा हजार मीटरचा दम आहे, तोही सोळाशेच्या पुढे जात नाही आणि दम किती आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

तिसरी अडचण सर्वांत कमी खर्चात सुटणारी : ठरलेला मार्ग नसणं. पावसाने मैदान भिजलं म्हणून मुलांना डांबरी रस्त्यावर पळवलं किंवा मैदानाभोवतीच फेऱ्या मारायला लावल्या, तर नाव क्रॉसकंट्री राहतं, खेळ राहत नाही. चढावर पाय कसा टाकायचा, उतारावर तोल कसा सांभाळायचा, निसरड्या मातीत वेग किती धरायचा, हे ज्यात पणाला लागतं तेच त्यातून निघून जातं. सडे, घाट्या आणि पाखाड्यांवर वाढलेल्या मुलांचं बळ नेमकं तेच असतं. सपाट रस्त्यावर ते वाया जातं.

दुसरीकडे काय वेगळं घडलं?

केनियाच्या पुरुषांनी १९८६ ते २००३ अशी सलग अठरा वर्षं जागतिक क्रॉसकंट्रीचं सांघिक विजेतेपद राखलं. त्याचं श्रेय उंचीवरची हवा, आहार, शरीराची ठेवण यांना दिलं जातं. त्यात तथ्य आहे. पण इटेन या गावातल्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलची गोष्ट वेगळं काही सांगते. १९७६ मध्ये तिथे कॉम ओकॉनेल नावाचे आयरिश धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते मुलांना पाहत राहिले, शिकत राहिले आणि मुख्य म्हणजे तिथेच राहिले. याच शाळेचा पीटर रोनो १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचा विजेता ठरला. पुढे ८०० मीटरचा विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशाही ओकॉनेल यांच्याच हाताखाली घडला.

इटेनची उंची रत्नागिरीला आणता येणार नाही. पण वर्षानुवर्षं एकाच मार्गावर मुलांना धावताना पाहणारा शिक्षक आणता येईल. महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांना योग्य वयात प्रशिक्षक विजेंदर सिंग भेटले. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक त्यातून आलं.

मग करायचं काय?

प्रत्येक तालुक्याने एक कायमचा मार्ग ठरवावा. दीड-दोन किलोमीटरचं वेटोळं पुरे. वयोगटाप्रमाणे फेऱ्या वाढवता येतात. सडे बहुतांशी खासगी मालकीचे असतात, म्हणून जमीनमालकांची आणि ग्रामपंचायतीची लेखी संमती आधीच घ्यावी. मार्ग कातळशिल्पांवरून जाता कामा नये. उक्षी, देवीहसोळ, बारसू अशा सड्यांवर पायाखाली हजारो वर्षांचा ठेवा आहे. शेवाळलेला कातळ आणि गडगे टाळावेत. वळणावळणावर निशाण आणि माणूस असावा, एपिंगच्या जंगलासारखी गत होऊ नये. शर्यत सकाळी लवकर संपवावी. पाणी आणि प्रथमोपचार मार्गातच असावेत.

वैयक्तिक पदकांसोबत शाळेच्या संघाला ढाल द्यावी. त्यामुळे छोट्या शाळेलाही पाच-सहा मुलं वर्षभर पळती ठेवण्याचं कारण मिळेल. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण हे मुलांसाठी आणि पालकांसाठी खरं आकर्षण आहे. क्रॉसकंट्रीत पुढे गेलेल्यांनाही ते मिळू शकतात, हे शाळांनी पालकसभेत सांगायला हवं. घाटावर जाणाऱ्या मुलांच्या प्रवासाचा भार शिक्षकाच्या खिशावर न टाकता जिल्हा परिषदेने किंवा जिल्हा नियोजनातून उचलावा. आणि दरवर्षीचा निकाल, वेळेसह, मार्गाच्या नावासह जपून ठेवावा. क्रिक रन टिकली ती अशाच वहीमुळे.

यातल्या एकाही गोष्टीला सिंथेटिक धावपट्टीइतका पैसा लागत नाही. या हंगामात नऊ तालुक्यांत नऊ मार्ग आखले आणि नऊ वह्या उघडल्या, तरी पाच वर्षांनी जिल्ह्याला कळेल की चढावर आपली कोणती मुलगी सर्वांत वेगाने जाते. आज ती कुठल्यातरी वाडीतून पाखाडी चढून, दप्तर सावरत शाळेत पोहोचते आहे. तिला तिथे किती मिनिटं लागतात, हे अजून कुणी मोजलेलं नाही.